तिकोनी चिठ्ठी

गंधाली मुलुंडला राहायला गेली आणि मी वर्गात बोलायला लागले. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच झालं. नववीपर्यंत कोणी काही विचारलं की मी कोपराने गंधालीला ढोसायचे आणि ती दोघींच्या वतीने उत्तर द्यायची. आता बाकावर मी एकटी. ढोसणार कोणाला, भिंतीला? मग बोलले. आणि बोलल्यावर कळलं की आवाज झकास आहे माझा, यार. नऊ वर्षं उगाच वापरला नाही.

त्याच आवाजात मी कॉम्प्युटरच्या अनुपमा मॅडमना म्हणाले, "मॅडम, आयकॉन मी काढते."

झालं असं की, आमच्या चारकोपच्या शाळेत लॅबमधलं सगळं काम फुकटच्या, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. त्यातल्या फाईलींवर कुठल्या कंपनीची मालकी नसते, त्यामुळे पुढे कधीही, कोणीही त्या उघडू शकेल, असं मॅडम म्हणतात. छानच आहे. पण आमच्या जुन्या मशीनवर निबंध असो, तक्ता असो की स्लाइड शो, प्रत्येक फाईलवर तोच कोरा पांढरा कागद दिसायचा. प्रज्योतने 'माझा आवडता सण' म्हणून गल्लीतल्या क्रिकेट टीमच्या धावांचा तक्ता जमा केला, तेव्हा मॅडमची सटकली.

"काढ," त्या म्हणाल्या. "पण अट आहे. पाच जणांना लॅबच्या दारात उभं करायचं. काही सांगायचं नाही. कशात काय आहे ते तिथून त्यांनी ओळखायचं. पाचातल्या चौघांनी तरी. शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दहावीच्या प्रॅक्टिकलसाठी मशीन आहेत तशीच ठेवणार."

मला ते हवंच होतं. वीस स्क्रीनवर माझी चित्रं असतील. कोणीतरी विचारेल, "हे कोणी केलं गं?" मी म्हणेन, "मी." मग मधल्या सुट्टीत कोणीतरी डबा घेऊन माझ्या बाकावर येईल. एवढा साधा प्लॅन.

दोन दिवस डबा लॅबमध्येच खाल्ला. तक्त्याला चौकटी काढल्या, स्लाइडला फळा. आणि लिहिलेल्या मजकुराच्या फाईलला काढली तिकोनी चिठ्ठी. वहीच्या पानाची पट्टी, तीन तिरक्या घड्या, टोक आत खोचलेलं. अशी चिठ्ठी सातवीपासून आख्ख्या वर्गात आम्ही दोघीच करायचो. लिहिलेलं काहीतरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तीच येते.

बुधवारी परीक्षा.

"समोसा," हर्षद म्हणाला.

"समोसाच," भाविका म्हणाली. "चटणी कुठंय पण?"

"मॅडम, कँटीनची फाईल आहे का ही?" प्रज्योतने विचारलं.

पुढच्या दोघांनी तर हसण्यातच वेळ घालवला. मीही हसले, सगळ्यांत जोरात.

घरी येऊन गंधालीला नुसतं चित्र पाठवलं. खाली एक शब्द लिहिला नाही. तिला वेगळं काय सांगायचं? सव्वा तासाने उत्तर आलं. "समोसा ना? क्यूट! क्लासला आहे, नंतर बोलू."

मी लिहिलं, "हो, समोसा."

आय मोरीत मासळीच्या पाट्या घासत होती. मी दारात जाऊन बसले.

"थोबाड का पडलंय गो?" तिने विचारलं.

मी फोन पुढे केला. तिने ओल्या हाताने तो लांब धरला. "खायचं हाय काय?"

"आये, तूपण?"

"लांबशी तसंच दिसतंय. मी काय करू?"

पहाटे आमच्या कोळीवाड्यातल्या सगळ्या बायकांच्या पाट्या एकाच टेम्पोतून बाजारात जातात. पाट्या सगळ्या एकसारख्या, म्हणून प्रत्येकीने आपल्या पाटीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असते. मी म्हटलं, "तुझी पाटी तू रंगावरूनच ओळखतेस ना?"

"रंग?" आय हसली. "भिजल्या का सगल्या चिंध्या काल्याच. गाठ कुठं हाय त्ये बघायचं. माजी पाटीच्या एका कानाला. शकुची दोन्ही कानांना. सरूबाईची खाली, बुडाशी."

"आणि तुला आपली लगेच कळते?"

"मला कलून काय उपेग? मी तर बाजारात उबी. पाटी उतरवतो टेम्पोवाला. गाठ त्याला कलाय पायजे." तिने पाटी उपडी घातली. "माजी गाठ मलाच ओलखू आली, तर मावरं जाईल दुसरीच्या ओट्याव."

मी उठले आणि चिठ्ठी पुसून टाकली. पूर्ण फाईलच काढून टाकली. मग फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यातून परत आणली आणि एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली.

गुरुवारी नवीन काढलं. उभं पान, त्यावर तीन जाड ओळी, गाठ वर. चौकोनी पान, चार खण, गाठ बाजूला. आडवं पान, मधे एक चित्र, गाठ खाली. रंग वेगवेगळे दिले, पण रंग काढून करड्यातही तपासलं. शुक्रवारी दुसरे पाच जण दारात उभे केले आणि पाचही जणांनी ओळखलं. मॅडम "छान" म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी वीसही मशीनवर चढवलं.

सोमवारी मी लॅबमध्ये सगळ्यांत आधी पोचले, केस वगैरे नीट करून.

सगळे आले, बसले, मशीन चालू झाली. क्लिक, क्लिक, क्लिक. ज्याला निबंध हवा होता त्याने निबंध उघडला. प्रज्योतनेसुद्धा. कोणी थांबलं नाही, कोणी वाकून बघितलं नाही. पांढरे कागद कधी होते हेसुद्धा जणू कोणाला आठवत नव्हतं.

मागून भाविकाचा आवाज आला, "अरे ती नको, वर गाठवाली उघड ना." हर्षदने उघडली.

वर गाठवाली! नाव पडलं होतं! माझं कोपर आपोआप बाजूला गेलं, ढोसायला. शेजारची रिकामी खुर्ची जरा फिरली आणि थांबली.

मग मी मागे वळले. आवाज होता ना माझ्याकडे. "ती गाठ मी काढली," मी म्हणाले.

"काय काढलीस?" भाविका म्हणाली. तिची नजर स्क्रीनवर होती. "ए हेमांगी, सरक ना जरा, फळा दिसत नाहीये."

मी सरकले. मग माझ्या निबंधावर क्लिक केलं. पहिल्या फटक्यात उघडला.