मुका कॉम्प्युटर

शिवणयंत्रं, पंप, कागद कापायची मशीनं यांच्याबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, ती भाषांतरित करण्याचं काम बाई करायच्या. घरबसल्या करण्याजोगं काम, पण त्यावर नाव कुठे छापून येत नाही. बाईंची नजर हळूहळू गेली. आधी बारीक अक्षर गेलं, मग ठळक गेलं, मग मॉनिटरवर नुसता उजेड उरला आणि एक दिवस तोही दिसेनासा झाला. काम मात्र थांबलं नाही, कारण घरात मास्तर होते. बाईंचे यजमान हायस्कुलात भाषा शिकवून निवृत्त झालेले. ते मूळ मजकूर वाचून दाखवत, बाई आपलं वाक्य तोंडी सांगत आणि मास्तर ते टाइप करत. ओळखीपाळखीची माणसं म्हणायची, जोडा असावा तर असा. ते खोटं नव्हतं, फक्त पुरतं खरंही नव्हतं.

ते उघडकीला आलं फोनवर. एजन्सीतल्या संपादिकेने फोन करून विचारलं की हल्ली तुमची भाषा अशी का झाली आहे, आणि शिवणयंत्राच्या पुस्तिकेतलं एक वाक्य वाचून दाखवलं. बाईंनी सांगितलेलं वाक्य होतं, ‘सुई बदलण्याआधी मशीन बंद करा.’ एजन्सीत पोचलेलं वाक्य होतं, ‘सुई बदलण्यापूर्वी मशीन बंद केलेले असल्याची सर्वप्रथम खात्री करून घेणे इष्ट ठरेल.’ संपादिका रागावली नव्हती. ती एवढंच म्हणाली, की माणूस हे हातात सुई घेऊन वाचणार. वाक्य संपेपर्यंत सुई बोटात गेलेली असेल. पुढची पुस्तिका पंपाची आहे, ती पूर्वीसारखी आली नाही तर काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल.

बाईंनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी नाकारलं नाही. बदलबिदल काही केला नाही, म्हणाले, जरा नीटनेटकं केलं. आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस. हातातलं लाल पेन सुटलं तरी बोटांची सवय थोडीच सुटते? त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. आपण बायकोला हातभार लावतो आहोत असंच त्यांना वाटत होतं. देव माणसाला प्रेम देतो, पण ते किती आणि कुठे वाढायचं याचा अंदाज सगळ्यांना देतोच असं नाही.

बाई भांडल्या नाहीत. जेवताना एवढंच म्हणाल्या, की पंपाची पुस्तिका मी स्वतः टाइप करणार. मास्तरांनी विचारलं, कशी? त्यावर त्यांनी सांगितलं, मिस्त्रीला बोलावते.

मिस्त्री म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. नोकरी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. हे नाव त्याला लहानपणी पडलं, कारण घरातली सगळी घड्याळं तो उघडायचा. त्यांतली काही परत बंदही झाली होती. कॉम्प्युटरचा नाद त्याला तसाच, म्हणजे पोटासाठी नाही, मनापासून. बाईंचा कॉम्प्युटर जुना होता. मजकूर वाचून दाखवणारे नेहमीचे मोठे प्रोग्रॅम त्यावर टाकून पाहिले, तेव्हा तो चढणीवर दम लागलेल्या माणसासारखा दर शब्दाला थांबत होता. तेव्हा मिस्त्रीने शोधून काढलं, की काही अंध मंडळींनी मिळून स्वतःसाठी एक छोटी, हलकी ऑपरेटिंग सिस्टीम बनवली आहे. कॉम्प्युटर सुरू झाल्या क्षणापासून बंद होईपर्यंत ती बोलतच असते. आपल्या भाषेतही बोलते, उच्चार जरा परक्या माणसासारखे.

“वापरतात तरी किती जण?” मास्तरांनी विचारलं.

“एका लग्नाच्या हॉलमध्ये मावतील, भाऊजी. पण सगळे जेवायला थांबणारे.”

मिस्त्री सुट्टीच्या दिवशी सकाळी आला. आधी त्याने बाईंच्या सगळ्या फाइल्स एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि तो बाईंच्या हातात दिला. नवी सिस्टीम दुसऱ्या पेनड्राइव्हवर होती. तो मागे खोचून कॉम्प्युटर सुरू केला, तर कॉम्प्युटर त्याच्याकडे ढुंकूनही न बघता जुन्याच सिस्टीमवर गेला. मिस्त्रीने सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला. मग कॉम्प्युटरने पेनड्राइव्ह पाहिला, पण हा अनोळखी आहे म्हणून आत घेईना. मिस्त्रीने ते कुलूपही काढलं. त्यानंतर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, तळाशी एक चौकोन लुकलुकत राहिला आणि सगळं स्तब्ध झालं.

आता इथे आवाज यायला हवा होता. स्पीकर टेबलावर होते, त्यांचा दिवा लागलेला होता. आवाज काही येत नव्हता.

बाई खुर्चीत ताठ बसून कान देऊन ऐकत होत्या. पंख्याची घरघर येते आहे, बाकी काही नाही, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रीने स्पीकरची वायर काढून आपल्या फोनला लावली. स्पीकर ठणठणीत वाजले. वायर मागच्या भोकातून काढून पुढच्या भोकात घातली. पेनड्राइव्ह पुन्हा नव्याने लिहिला. दुसरा पेनड्राइव्ह आणला. प्रत्येक वेळी त्याच ओळी वर सरकत, तोच चौकोन लुकलुके आणि कॉम्प्युटर तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प.

मास्तर मागे उभे राहून पडद्यावरच्या ओळी मोठ्याने वाचत होते. वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. दोन ओळींतल्या विरामचिन्हांबद्दल त्यांनी नापसंतीही व्यक्त केली.

त्या सिस्टीमवाल्यांची एक चर्चेची जागा इंटरनेटवर होती. मिस्त्रीने तिथे पडद्याचा फोटो टाकला आणि विचारलं, काय करू? थोड्या वेळाने कोणीतरी उत्तर दिलं, की फोटोचं मी काय करू, आवाज काय येतो ते सांग. मिस्त्रीने लिहिलं, आवाज येत नाही हीच अडचण आहे. त्यावर तिथली बरीच मंडळी जमली. प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं आणि कळवलं, की आमच्याकडे तर लगेच बोलते. एकाने लिहिलं, आजवर अशी तक्रारच आलेली नाही. मिस्त्रीने हे वाचून दाखवलं, तेव्हा मास्तर हसले.

“म्हणजे हॉलभर लोकांत उपाशी आपणच.”

दुपार झाली. मिस्त्री म्हणाला, आवाजाचं कार्डच बिघडलं असेल, नवं घालून बघू. मास्तर म्हणाले, कशाला एवढा खटाटोप, मी आहे ना टाइप करायला. एक शब्द बदलणार नाही, हवं तर शपथ घेतो. हे ते अगदी मनापासून बोलले. बाईंनाही ते कळलं. आणि हेही कळलं, की पंपाच्या पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर त्यांच्या हातून काहीतरी नीटनेटकं होणार.

त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून कॉम्प्युटरच्या मागे गेल्या आणि खाली बसून एकेक वायर हाताने चाचपू लागल्या. मिस्त्रीला विचारत गेल्या, ही कसली. ही विजेची. ही कीबोर्डची. ही बारीक स्पीकरची.

“आणि ही जाड?”

“ती मॉनिटरची.”

“मॉनिटर कोणासाठी लावलाय?”

मिस्त्रीला प्रश्न कळला नाही. म्हणाला, कोणासाठी म्हणजे, बघायला.

“मला बघायचं नाही. मला ऐकायचंय. काढ ती.”

मास्तर म्हणाले, “अगं, मग आम्हाला कळणार कसं, काय चाललंय ते?”

“तुम्हाला कळून सकाळपासून काय झालं?” बाई शांतपणे म्हणाल्या. “ज्यांनी हे बनवलं त्यांच्या टेबलावर हे खोकं नसेल. त्यांच्याकडे बोलतं. आपल्याकडेही त्यांच्यासारखंच मांडून बघू.”

मिस्त्रीला यात काही तथ्य वाटलं नाही, पण थोरल्या बहिणीपुढे वाद घालून जिंकल्याचा त्याला अनुभव नव्हता. त्याने जाड वायर ओढून काढली. मास्तरांनी मॉनिटर उचलून पलंगावर ठेवला. टेबल एकदम मोठं दिसू लागलं. बाई खुर्चीत बसल्या, त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं आणि कॉम्प्युटरचं बटण स्वतः दाबलं.

पंखा घरघरला. मग नुसतीच घरघर राहिली. मास्तर सवयीने समोर बघत होते, पण समोर भिंत होती.

“भाषा निवडा,” स्पीकरमधून आवाज आला. खरखरीत, सपाट, शेवटचा शब्द जरा ओढून.

आवाजाने तेच पुन्हा सांगितलं. बाईंनी कीबोर्डवर हात ठेवला. बोटांना अक्षरांच्या जागा वर्षानुवर्षं पाठ होत्या. मिस्त्री मात्र ती जाड वायर हातात धरून तिच्याकडे बघत बसला होता. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्या एकाच वायरमधून चित्र जातं तसा आवाजही जातो. कॉम्प्युटर सकाळपासून बोलतच होता, पण मॉनिटरशी, आणि मॉनिटरला स्पीकरच नव्हते. कान स्पीकरपाशी लावून सगळे बसले होते, आणि बोलणं चाललं होतं भलतीकडेच. बनवणाऱ्यांना ही अडचण कधी आली नाही, कारण त्यांच्यातल्या कोणी मॉनिटर जोडूनच पाहिला नव्हता. हे त्याने चर्चेच्या जागेवर लिहून टाकलं. उत्तर आलं, की नोंद घेतली आहे, पण मॉनिटर कशाला लावला होता?

आवाज एकेक विचारत गेला आणि बाई उत्तर देत गेल्या. डिस्कवरचं जुनं सगळं पुसायचं का, असं आल्यावर मास्तर पुढे सरसावले. म्हणाले, थांब, एकदा नीट वाच. बाईंनी फाइल्सचा पेनड्राइव्ह पदरात गाठ मारल्यासारखा मुठीत घट्ट धरलेला होता. त्यांनी प्रश्न पुन्हा एकदा ऐकला आणि दुसऱ्या हाताने ‘हो’ टाइप केलं. संध्याकाळच्या आत सिस्टीम बसली. मिस्त्री चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, ताई, लिफ्टचं काम सोपं असतं, ती निदान अडकते तेव्हा दिसते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पंपाची पुस्तिका उघडली. कॉम्प्युटर मूळ वाक्य वाचे, बाई आपलं टाइप करत, मग कॉम्प्युटर ते परत वाचून दाखवे. मास्तर शेजारी खुर्ची घेऊन बसले. पहिलं पान त्यांनी निमूट ऐकलं. दुसऱ्या पानावर ‘पंपात पाणी नसताना पंप चालू करू नका’ हे वाक्य आलं, तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि सुचवलं, की ‘पंपामध्ये पुरेसे पाणी उपलब्ध नसल्यास’ असं अधिक भारदस्त वाटेल.

बाईंनी वाक्य तसंच ठेवलं. मास्तरांनी पुढच्या वाक्यालाही सुचवलं, त्याच्या पुढच्यालाही. मग बाईंनी मिस्त्रीने दाखवलेली एक कळ दाबली आणि आवाज थोडा जलद झाला. मास्तरांना एकेक शब्द पकडावा लागू लागला. ते पुढे वाकून ऐकू लागले. बाईंनी कळ आणखी दाबली. रोज थोडी थोडी दाबत त्यांनी वेग इतका वाढवला, की खोलीत कोणी आलं तर त्याला वाटावं, टिनाच्या डब्यात वाटाणे हलवताहेत. बाईंना त्यातलं अक्षर न् अक्षर कळत होतं. मास्तरांना वाक्य कुठे सुरू झालं हेही कळेना.

पुस्तिका त्यांनी स्वतःच पाठवली. एजन्सीचं उत्तर आलं, तेही कॉम्प्युटरने त्याच वेगात वाचलं. मास्तर दारात उभे होते.

“काय म्हणाली ती?”

“पुढची पुस्तिका पाठवतेय. इस्त्रीची आहे.”

“माझ्याबद्दल काही?”

“नाही.”

मास्तर दारातून हलेनात. त्यांना काम हवं होतं, आणि देण्यासारखं काम बाईंकडे होतंही. त्या म्हणाल्या, इस्त्रीची पुस्तिका पूर्ण झाली की सावकाश लावून तुम्हाला ऐकवीन. जिथे तुम्हाला अर्थ कळणार नाही तिथे हात वर करा. सुधारायचं नाही, फक्त न कळलेलं सांगायचं.

मास्तरांनी विचार केला. मग ते म्हणाले, “आणि सगळंच कळलं तर?”

“तर हात खाली ठेवा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची फाइल उघडली.