पुढची सीट

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीवर पुढं कोणी बसायचं, यावर आमच्या घरात चर्चाच झाली नाही. टूरवाल्या पोरीनं निघतानाच सांगितलं होतं, "हँडल आणि ब्रेक फक्त पुढं असतात. ज्याला सायकल चांगली येते, त्यानं पुढं बसा." तोवर आमचे हे, काकासाहेब, पुढच्या सीटवर चढूनही बसले होते. त्यांचे धाकटे भाऊ बद्रीनाथ दुसऱ्या सायकलीवर पुढं. मी आणि जाऊ चतुराबाई मागं. पुढची सीट मानाची, आणि आमच्याकडं मान काही सायकल येते का हे विचारून मिळत नाही.

ह्यांनी उभ्या जन्मात सायकल चालवली नव्हती. घरात आधी जीप, मग मोठी गाडी, आणि दोन्हींना ड्रायव्हर. मी मात्र पाचोडची. वडिलांच्या सायकलीवर धाकट्या भावाला, सूर्यभानला, मागं बसवून शाळेत जायचे. लग्न झालं आणि सायकल सुटली. इतक्या वर्षांत ह्यांनी कधी विचारलं नाही. या आठवडाभराच्या टूरचा रस्ता पाचोडवरून जातो असं कळलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मला पाचोडच्या बाजारातून एकदा सायकलवर जायचं होतं, बाकी लेण्याबिण्या गेल्या खड्ड्यात.

संभाजीनगर सुटायच्या आतच आम्ही पडलो. हँडल ह्यांच्या हातात, चूक माझी. "मागं हलू नको गं!" दोन्ही पायडलं एकाच साखळीला जोडलेली, त्यामुळं मी रेटलं की ह्यांचे पाय आपोआप फिरायचे, आणि आपणच सायकल चालवतोय असं ह्यांना वाटायचं. दौलताबादच्या घाटात मी घामानं निथळत होते आणि हे किल्ल्याचा इतिहास सांगत होते. वेरूळला पोचल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "घाट एका दमात काढला!" दम कुणाचा, ते नाही सांगितलं.

अजिंठ्याकडं जाताना बद्रीनाथ भाऊजींनी सायकल थेट तुरीत घातली. चतुराबाई बांधावरच्या बाभळीत पडल्या. त्या काटे काढत बसल्या आणि भाऊजी शेतकऱ्याला झापत होते, "रस्त्याला खेटून तूर लावती का कुणी?"

पाचोड जवळ आलं तसे हे थांबले. मागून टूरचा टेम्पो येत होता.

"आता तू टेम्पोत बस."

"का?"

"सासुरवाडीच्या लोकांसमोर बायको पायडल मारती, बरं दिसतं का?"

"अन् सायकल?"

"मी नेतो की. आजवर कोण चालवत व्हतं?"

इतका राग आला की रडूही येईना. मी टेम्पोत बसले.

बाजाराचा दिवस होता. सूर्यभान चार लोक घेऊन टॉवेल-टोपी, नारळासह जावयाच्या स्वागताला उभा. शेजारी सरपंच आप्पासाहेब. हे उतारावरून एकटेच आले, हसत, एक हात वर करून. ते तसेच वांग्यांच्या ढिगात गेले.

"दाजी, लागलं का?" सूर्यभान धावला.

"ब्रेकच खराब हाय," वांग्यांतून उत्तर आलं.

मी टेम्पोतून उतरले, सायकल उचलली आणि पुढच्या सीटवर बसले. "बसा मागं."

सगळा बाजार बघत होता. ह्यांचा गुडघा फुटलेला, चालता येईना. मागं बसले. मी पायडल मारलं. भाजीवाल्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. वारा तोंडावर येत होता आणि मला खरंच फार आनंद झाला होता.

तेवढ्यात आप्पासाहेब ओरडले, "वा काकासाहेब! बाईला सायकल शिकवली व्हय! असा नवरा पाहिजे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेपर्यंत रोज माझ्याच मागं बसून गेलेला सूर्यभानसुद्धा मान डोलावत टाळ्या वाजवत होता.

मागून ह्यांचा आवाज आला, "लई मेहनत घ्यावी लागली, आप्पासाहेब."

मी ब्रेक दाबला.

"उतरा."

"आं? इथं?"

"इथंच."

सगळ्यांसमोर ते लंगडत उतरले. मी मागं न बघता बाजारातून निघाले, शाळेच्या रस्त्यानं.