वांग्यांना ताण

मानेवाड्यातल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर उन्नतीची वांगी पिवळी पडायला लागली, तेव्हा तिने सगळ्यांवर संशय घेतला. नायट्रोजनवर घेतला, मॅग्नेशियमवर घेतला, पांढऱ्या माशीवर घेतला, एकदा तर शेजारच्या मोबाइल टॉवरवरही घेतला. बाबांवर तेवढा घेतला नाही.

उन्नती कळमेश्वरच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात क्वालिटीत होती. दिवसभर पुडे नापास करायचे आणि घरी येऊन गच्चीवरच्या पिशव्यांमधली वांगी, टमाटे, मिरच्या पाहून खुश व्हायचं, असं तिचं चाललं होतं. बाबा, म्हणजे मधुकरराव, नरखेडकडचे संत्रा बागायतदार. दिवाळीनंतर बाग मुलाच्या, अमोलच्या हाती सोपवून ते ‘थोडे दिवस’ लेकीकडे आले, ते एक सतरंजी, एक विळा आणि झाडांबद्दलची मतं घेऊन. उन्नतीची बस सकाळी लवकर असायची, म्हणून पाणी घालायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

“तू जाय बिनधास्त. मी आहो ना.”

रविवारी सोसायटीची सभा होती. सचिव पुष्पलताताईंना गच्चीवर बॅडमिंटन हवं होतं. नेट त्यांनी आधीच विकत आणलं होतं, ठराव मागून येणार होता. सगळ्यांनी वर जाऊन बाग पाहायची, धड असली तर राहील, मरतुकडी असली तर पिशव्या खाली, असं ठरलं होतं. त्या पिशव्यांतली माती उन्नतीने दोन वर्षं भाज्यांच्या सालींपासून मुरवून मुरवून केली होती. इतक्या निगुतीने तिने कुणासाठी स्वयंपाकही केला नव्हता.

पण पानं ऐकेनात. आधी खालची, जुनी पानं पिवळी झाली. मोबाइलवरच्या बागकामाच्या व्हिडिओतली बाई म्हणाली, जुनी पानं आधी गेली म्हणजे नायट्रोजन कमी. उन्नतीने शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली. असा वास सुटला की तिसऱ्या मजल्यावरच्या नागसेनने गॅसवाल्याला बोलावून घेतलं. मग शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला. बाई म्हणाली, मॅग्नेशियम. उन्नतीने एप्सम सॉल्ट फवारलं. मग कडा करपल्या. त्याची बाईने इतकी कारणं सांगितली की ऐकता ऐकता उन्नतीच पिवळी पडली.

प्रत्येक व्हिडिओत बाई एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगायची: मातीत बोट घाला, ओल पाहा. तेवढं खातं बाबांकडे होतं.

“ओल आहे ना बाबा?”

“गारेगार. बोट घालून पाह्यलं मी.”

ज्या बोटाला धरून आपण चालायला शिकलो, त्याच्यावर क्वालिटीतला माणूसही दुसरी तपासणी लावत नाही. शिवाय संध्याकाळी ती वर जायची, तेव्हा मातीवर पसरलेला पालापाचोळा ओलाचिंब दिसायचा.

शनिवारी सुट्टी होती. सगळ्यात वाईट झाड टाकीमागे लपवावं म्हणून तिने पिशवीला हात घातला. एरवी पाणी प्यालेली पिशवी सरकवायला नागसेनला हाक मारावी लागे. आज तिने जोर लावला आणि पिशवी मुरमुऱ्याची थैली उचलावी तशी थेट छातीपर्यंत वर आली. उन्नती टाकीवर जाऊन आदळली. तिने पाला बाजूला सारला. खाली माती भाजलेल्या रव्यासारखी.

बाबा उन्हात बसून संत्रं सोलत होते.

“बाबा, पाणी कुठं आहे?”

“कोनाचं?”

“या झाडायचं!”

बाबांनी एक फोड तोंडात टाकली आणि ती चघळायला गरजेपेक्षा बराच जास्त वेळ घेतला.

“तान देऊन राहिलो,” ते म्हणाले.

संत्र्याच्या बागेचं पाणी हिवाळ्यात तोडतात. झाड तहानेने पिवळं पडतं, पानं टाकतं, आणि मग पाणी सोडलं की भडभडून फुलतं. यालाच ताण देणं म्हणतात. बाबांनी जन्मभर हेच केलं होतं. यंदा थंडी पडली, तेव्हा ताण द्यायला त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. वांगी होती.

“संक्रांत झाली का पानी सोडनार होतो. अशी लदबदली असती ना फुलानं, पाह्यतच राह्यली असती तू.”

“ते संत्रं, बाबा! वांग्याले कोन तान देते?”

“झाड तं झाड असते.”

“आन् वरचा पाला वला कसा राहे?”

“तू यायच्या टाइमाले शिपडा मारो मी,” बाबा म्हणाले. “तुले घोर नाही लागला पाह्यजे.”

“मी पेंड घातली, मीठ फवारलं, तुमी बाजूले बसून पाहून राहिले! बोलले काहून नाही?”

“बोललो असतो तं तू करू देल्लं असतं का?”

यावर तिला जास्तच राग आला. कोरड्या मातीत पडलेल्या खताने मुळं आणखी भाजली होती. बाबा झाडांना तहानेने मारत होते आणि ती औषधाने, आणि दोघांत योजना निदान बाबांकडे होती.

तिने पिशव्या एकेक करून पाण्याच्या टबात बसवल्या. इतकी सुकलेली माती वरून पाणी पीत नाही, सगळं कडेने निसटून जातं. बुडबुडे थांबले की पिशवी सावलीत. खत बंद. करपलेली पानं खुडली. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, नवी पालवी फुटायची वाट पाहावी लागते. सभा उद्यावर होती.

“उद्या सगळ्यायले खरं सांगा,” ती म्हणाली.

“सांगतो ना. काय त्याच्यात.”

रविवारी सगळे वर आले. पुष्पलताताई नेट काखेत घेऊनच आल्या. “गेलं हो हे सगळं,” त्या शोकसभेतल्या आवाजात म्हणाल्या. फुकटच्या मिरच्यांवर वाढलेला नागसेन मध्ये पडला. “थांबा ना ताई. काका बागायतदार आहेत. काका, काय झालं हो झाडायले?”

शहरात आल्यापासून बाबांना पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. त्यांनी टोपी सारखी केली. उन्नतीकडे पाहिलं. ती डोळ्यांनी म्हणत होती, बोला.

“पोरीनं खत जास्त घातलं,” बाबा म्हणाले. “मुळ्या जळल्या. अनुभव नाही ना तिले.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं सफाईदार खोटं उन्नतीने आजवर ऐकलं नव्हतं.

“वाचतीन का?” नागसेनने विचारलं.

“वाचतीन. मी आहो ना.”

“मग काकांच्या देखरेखीखाली राहू द्या बाग,” नागसेन म्हणाला. माना हलल्या. पुष्पलताताईंनी नेट या काखेतून त्या काखेत घेतलं. “ठीक आहे. पण झाडांना हात काकांनीच लावायचा. उन्नतीने नाही.”

हात वर व्हायला लागले. उन्नतीने तोंड उघडलं. खरं सांगितलं तर बाबांचा शब्द जाणार, आणि बाग त्या शब्दावरच उभी होती. तिने तोंड मिटलं आणि हात वर केला.

सगळे खाली गेले.

“वाचली ना बाग?” बाबा म्हणाले.

“तुमी माह्यावर ढकललं.”

“मंग काय करतो? माह्यं नाव घेतलं असतं तं बाग गेली असती ना.” मग हळूच, “रागावली का वं?”

बाबांनी झारी भरून आणली. “किती घालू?”

“बुडातून निघेपर्यंत.”

“एवढं?”

“एवढं.”

बाबांनी ओतलं. उन्नती पिशवीजवळ उकिडवी बसली, मान वाकडी करून बुडाच्या भोकाकडे पाहत राहिली. आपल्या बापाने खरंच पाणी घातलं का ते असं वाकून पाहताना आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं होतं. आलं नाही. थेंब पडला. तिने तो हातावर घेऊन पाहिला.

“आता दुसरी,” ती म्हणाली.