कागदाची राख

संगीत सुरू झालं आणि गर्दी गप्प झाली. जुन्या शूटिंगच्या शेडमध्ये, प्लास्टरच्या खांबांदरम्यान माणसं दाटीवाटीने उभी होती. वरच्या गॅलरीतून गाईडने विचारलं, "कोणाला आपल्या माणसाशी बोलायचंय?"

"माझ्या मुलाला विचारा," माझी आई म्हणाली, "सुखात आहेस ना?"

गाईडने डोळे मिटले. छतातून राखाडी राख भुरभुरत खाली आली. राख पडली म्हणजे हो, नाही पडली म्हणजे नाही. पुढच्या बायका रडू लागल्या.

मी आईच्या मागे उभी होते. मला काहीच वाटलं नाही. भाऊ गेल्यापासून कशाचंच काही वाटत नव्हतं.

ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराचा सिनेमा इथेच झाला. मी स्पेशल इफेक्टवाल्यांमध्ये होते, भाऊ स्टंटमन. कोसळत्या छतावरून उडी घेताना त्याचा दोर निसटला. सिनेमा तुफान चालला. मग सेट तसाच ठेवून लोकांना दाखवू लागले. गाईड पडद्यामागच्या गमती सांगायचा, की लाव्हा म्हणजे खालून दिवे लावलेली खळ, आणि पळणारा जमाव म्हणजे कपडे बदलून पुन्हा पुन्हा पळवलेली तीच माणसं. एकदा बोलता बोलता वरून थोडी राख पडली, एक बाई गहिवरली, आणि गाईडला नवा धंदा सापडला.

"ऊर्जा नष्ट होत नाही, शाळेत शिकलात ना?" तो आता सांगत होता. "आत्मा म्हणजे ऊर्जाच. मोबाईल बंद ठेवा, लहरी अडतात."

मोबाईलने लहरी अडत होत्या, एवढ्या मोठ्या स्पीकरने नाही. हे कोणाला खटकत नव्हतं.

मी आले ती डॉक्टरीणबाईंमुळे. आईचं ब्लडप्रेशर भलतंच चढलं होतं. "गोळ्या घेताय ना?" त्यांनी विचारलं, तर आई शांतपणे म्हणाली, "सोडल्या. आता राख घेते, पाण्यातून."

आईने दुसरा प्रश्न विचारला. "पडताना तुला फार लागलं का रे?"

राख पडली नाही.

"वेदना झाली नाही, आई," गाईड म्हणाला. आईने डोळे पुसले.

राख थांबली तशी संगीताखालची बारीक घरघरही थांबली होती. ती घरघर माझ्या ओळखीची होती. मी जिना चढून गॅलरीत गेले आणि स्पीकरची वायर काढली.

"ताई, खाली उतरा. लहरी बिघडतील."

"बिघडू देत."

कठड्यामागे, त्याच्या गुडघ्याशी बटण होतं. मी ते दाबलं. आता पंख्याची घरघर सगळ्यांना ऐकू आली आणि राख पडू लागली, गाईडच्या केसांवरसुद्धा.

"मी काहीच विचारलेलं नाही," मी म्हणाले. "मग हे उत्तर कोणाचं?"

"तो... रागावलाय."

मी बटण बंद केलं. राख थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा पडली.

"बटण दाबलं की रागावतो?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. खाली येऊन मी चिमूटभर राख पाण्यात कालवली. तिचा लगदा झाला. "हा रद्दी कागद आहे. आग लागू नये म्हणून रसायनात भिजवून, रंगवून आम्हीच दळला होता. छताखालच्या जाळ्यांत अजून पुष्कळ अडकलाय. पंखा लागला की जाळी हलते आणि तो खाली येतो. हे तुम्ही पोटात घेताय."

लोक एकेक करून निघाले. गाईड वायर गुंडाळत बसला.

बाहेरच्या बाकावर बसून आई पदराची गाठ चाचपू लागली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला लागलं होतं?"

"त्या दिवशीचे डॉक्टर म्हणाले, आपटल्याबरोबर शुद्ध हरपली. त्यापुढचं मला माहीत नाही."

"त्यांनी तपासलं होतं त्याला?"

"हो."

"मग तेच खरं धरू." तिने पदराच्या गाठीतली राख बाकाखाली झटकली. "गोळ्या कुठे मिळतील आता?"

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी गोळ्या आणल्या. तिने तिथेच एक घेतली.

आपलं माणूस गेलं की विचारायला खूप उरतं, हे मला कळतं. जरूर विचारा. पण ज्याने काही पाहिलंय, तपासलंय, त्याला विचारा. आणि "मला माहीत नाही" हे उत्तर मिळालं तर ते घेऊन घरी जा. ते जड असतं, पण त्यात कोणी फसवत नाही.