बाटलीवरचं बारीक अक्षर

"भिंतीला तोंड फुटंल एखाद्या दिवशी, पण हिला नाय फुटायचं. तू कशी बोलकी गं, आन तूच लांब पडलीस. आन हो, यांचं ते भिंग आता भंगारात घालते. तुझ्या गोळ्यांनी कामच संपवलं त्याचं."

विमलाबाई गॅलरीत उभ्या राहून थोरल्या सुनेशी, पुण्याच्या योगिनीशी, फोनवर बोलत होत्या. आत पडद्यामागे धाकटी सून मनाली कपड्यांच्या घड्या घालत होती आणि शेजारच्या टीपॉयवर मी पडलो होतो. जे आमच्यासाठी नव्हतं ते आम्हा दोघांच्याही कानी पडलं. एका दमात ती मुकी ठरली आणि मी भंगार.

तर मी ते भिंग बोलतोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. आठवतं ते बिटको चौकाजवळचं स्टेशनरीचं दुकान. तिथे मी कंपासपेट्यांशेजारी टांगलेला असायचो. गिऱ्हाइकं मला काढायची, स्वतःच्याच बोटांवरच्या रेषा बघून खूश व्हायची आणि परत टांगून जायची. मग एक दिवस कोंडाजी आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या कामावर तीस वर्षं काढून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी खिशातलं बिडीचं बंडल काढलं, मला त्यावर धरलं, वरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, "बेस हाय."

तेव्हापासून मी जेल रोडच्या या घरात आहे. सकाळी पेपर, संध्याकाळी बुद्धवंदनेचं पुस्तक, मधल्या वेळी औषधांची पाकिटं आणि आलेली पत्रं. सगळं माझ्यातूनच. माझ्या दांड्यावर एक काळा डाग आहे. कोंडाजी वाचता वाचता पेटती बिडी माझ्यावर टेकवायचे, त्याचा. चार वर्षांपूर्वी खोकला वाढला तशी त्यांनी बिडी सोडली. डाग मात्र राहिला.

गेल्या वर्षी पेपरातल्या ओळी त्यांना मधूनच वाकड्या दिसू लागल्या. मी घाबरलो. वाटलं, माझीच काच बिघडली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडद्याची मधोमध झीज सुरू झाली आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. ते सहा महिने भरायच्या आत डोळ्यांच्या गोळ्यांची ती बाटली घरात आली.

योगिनीच्या भावाने ती परदेशातून आणली होती. लठ्ठ, चकचकीत, सोनेरी झाकणाची. तिला शोकेसमध्ये जागा मिळाली, काचेआड. मी टीपॉयवर, जुन्या पेपरांखाली. ती रोज पुसली जायची. मला शेवटचं कुणी पुसलं होतं ते मलाच आठवेना.

"गाजराचा अर्क हाय त्यात," विमलाबाई शेजारच्या कलाबाईंना सांगायच्या. "गाजरानं कुणाला काय झालंय का कधी? आमच्या योगिनीनं धाडलाय."

"किती घ्यायच्या दिवसाला?" कलाबाईंनी विचारलं.

"डोळे किती?" कोंडाजी आतून म्हणाले.

"दोन."

"मंग गोळ्या बी दोन. एका डोळ्याला एक."

सगळे हसले. पण दुसऱ्या दिवसापासून तो विनोद नेमाचा झाला. सकाळी उजव्या डोळ्याची, संध्याकाळी डाव्या डोळ्याची.

पंधरा दिवसांत कोंडाजींनी जाहीर केलं की आता भिंग लागत नाही. पण ते कसं वाचतात ते मला ठाऊक होतं. मथळे तेवढे वाचायचे आणि खालची बातमी मनाने रचायची. एकदा मोठ्याने म्हणाले, "इगतपुरीला गाडी तीन तास थांबली. म्हशी आल्या रुळावर." विमलाबाईंनी कौतुकाने मान डोलावली. दुपारी मनालीने तोच पेपर उघडला. गाडी थांबली होती खरी, पण खाली दुरुस्तीचं काम लिहिलेलं होतं. म्हैस एकही नव्हती. ती स्वतःशीच हसली. बोलली नाही. दवाखान्याची तारीख आली आणि गेली तेव्हाही तिने कॅलेंडरकडे पाहिलं आणि पान उलटलं.

चार महिने झाले होते तिच्या लग्नाला. या घरातले पडदे योगिनीच्या पसंतीचे, मसाल्याचा डबा योगिनीने लावलेला. मनालीने वांग्याची भाजी केली की विमलाबाई पहिला घास खाऊन म्हणायच्या, "छान झालीय. योगिनी यात तीळ घालते." मनाली "हो आई" म्हणायची आणि पोळी जरा जोरात लाटायची. खरं सांगतो, ते पाहून मला बरं वाटायचं. घरात जळणारा मी एकटा नव्हतो.

तो फोन ऐकला त्या दुपारी ती उठली. तिने मला पेपरांखालून काढलं, ओढणीने पुसलं आणि शोकेस उघडली. ती काही सासऱ्यांच्या काळजीने उठली नव्हती. तिला त्या बाटलीत खोट हवी होती. मलाही.

मी बाटलीच्या पाठीवरून हळूहळू सरकलो. दिवसाला एक. फक्त एक. त्याखाली बीटा कॅरोटीन आणि त्याचा आकडा. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, धूम्रपान करणाऱ्यांनी किंवा पूर्वी केलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

माझी काच आनंदाने फुटायची बाकी राहिली. सापडली एकदाची! पण मनालीचा चेहरा उतरला. माझ्या दांड्यावरच्या त्या डागावरून तिने अंगठा फिरवला आणि खाली बसली.

संध्याकाळी तिने आम्हा दोघांना पर्समध्ये घातलं. वैऱ्याला खेटून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत गेलो. तिथल्या बाईंनी बाटली उलटसुलट पाहिली.

"कोण घेतं?"

"सासरे."

"बिडी-सिगारेट?"

"तीस वर्षं. आता सोडलीय."

"सोडली तरी ही नको. बिडी ओढलेल्या माणसाला बीटा कॅरोटीन गोळीतून जास्त गेलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. जेवणात गाजर खाऊ द्या खुशाल, ते वेगळं. आणि डोळ्यांसाठी हे नसलेल्या गोळ्याही मिळतात, पण त्या लागतात की नाही ते डॉक्टर ठरवतील. बाकी काय औषधं चालू आहेत तेही त्यांना सांगा. दाखवलं कधी होतं?"

मनालीने आम्हा दोघांना घाईघाईने पर्समध्ये परत घातलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला, सुयशला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर असेल गं. पण आत्ता तू बोललीस तर आई म्हणेल, जावेवर जळते. मी बघतो नंतर."

त्याच्या त्या 'नंतर'मध्ये तीन दिवस गेले. म्हणजे सहा गोळ्या. प्रत्येक वेळी झाकण फिरल्याचा आवाज आला की मनालीचा हात कामावर थांबायचा. सासू 'जळते' म्हणेल, हे तर होतंच. पण ते खोटंही नव्हतं, आणि तिची जीभ अडत होती ती तिथे.

मला तिला सांगायचं होतं. बाई गं, बारीक ते मोठं करून दाखवणं हा माझा धंदाच आहे, पण जे नाही ते मला दाखवता येत नाही. तू माझ्यातून कितीही जळून बघ, अक्षर तेच राहील. आणि त्या बाटलीचंही मी वाईट का चिंतू? तिने आपल्या पाठीवर सगळं खरं लिहून ठेवलं होतं. वाचायला कुणी गेलं नाही, एवढंच. ऐकणाऱ्यांनो, तुम्हीही वाचत नसाल. निदान ज्या डॉक्टरांनी डोळे पाहिले त्यांना तरी ती पाठ दाखवा.

पण माझा आवाज माणसांना कुठे जातो.

आज रविवार. योगिनी आली आहे, दुसरी बाटली घेऊन. संध्याकाळची जेवणं झाली. कोंडाजींनी तळहातावर गोळी घेतली आणि विमलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मनाली उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. एका हातात पहिली बाटली, दुसऱ्या हातात मी. तिने मला बाटलीच्या पाठीवर अगदी तळाशी धरलं.

"काय गं, भिंग घेऊन काय शोधतेस?" योगिनीने हसून विचारलं.

"तिला काय विचारते," विमलाबाई म्हणाल्या.

मनालीने मला कोंडाजींच्या मोकळ्या हातात दिलं, तळहातावरची गोळी उचलली, बाटलीची पाठ त्यांच्यापुढे धरली आणि ती म्हणाली, "आप्पा, मला ताईंचा हेवा वाटतो, हे आईंना वाटतं ते खरंच आहे. पण बिडी ओढलेल्या माणसाने ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये असं इथे खाली लिहिलंय, आणि तेही खरं आहे. तुम्हीच वाचा. भिंगाशिवाय तुम्हाला वाचता येत नाहीये, ते मला माहिती आहे. उद्या सकाळी मी तुम्हाला डॉक्टरांकडे नेणार आहे, आणि बाटली घेऊन ताई पण येतील."