घासून पाठवलेला साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजाने चौकटीत असावं. मी मात्र देशोदेशींच्या मोठ्या न्यायालयात भिंतीला टेकून उभा आहे, आणि खरं सांगतो, मला त्याचं काडीचंही कौतुक नाही.

एका बेटावरच्या सुताराने घरात सून येणार म्हणून मला घडवलं. रंधा मारून मारून त्याने मला इतकं गुळगुळीत केलं, की शेजारीपाजारी उगाच हात फिरवून जात. पुढे कित्येक वर्षं मी ऊन अडवलं, वारा अडवला, घरातल्यांचा राग निमूट सोसला.

मग समुद्र घरात येऊ लागला. आधी उंबऱ्यापर्यंत, नंतर थेट कडीपर्यंत. पाणी ओसरलं की माझ्या अंगावर चिखलाची एक रेघ राहायची. जमीन आणि भिंती घासता घासता सूनबाईचे हात भरून येत, त्यामुळे माझी पाळी कधी आलीच नाही.

ज्या देशांच्या धुराने पृथ्वी तापली, त्यांनी जाब द्यायचा की नाही, हा प्रश्न घेऊन बेट न्यायालयात गेलं. बेटाच्या वकीलबाई घरी आल्या आणि माझ्या रेघा पाहून म्हणाल्या, "हाच आपला साक्षीदार. पाठवून द्या."

त्या गेल्या आणि सूनबाईने घासणी उचलली. एवढ्या मोठ्या माणसांकडे असलं कळकट दार कसं पाठवायचं? तिने मला लख्ख केलं आणि धाकट्या दिराने वर निळ्या रंगाचे दोन हात दिले. न्यायालयात खोकं उघडलं तेव्हा वकीलबाईंनी मला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं; एकही रेघ उरली नव्हती.

"अहो, हे काय करून बसलात?"

"घासलं. चारचौघांत जायचं होतं ना त्याला," सोबत आलेली सूनबाई म्हणाली.

श्रीमंत देशांचे वकील गालातल्या गालात हसले. त्यांचं म्हणणं, धूर सगळ्यांचाच, मग बोट आमच्याकडेच का? नाइलाजाने वकीलबाईंनी सूनबाईलाच उभं केलं आणि रेघा का पुसल्या ते सांगायला लावलं.

"सवयच झाली आहे, साहेब," ती म्हणाली. "चिखल करतं कोण ते माहीत नाही. पुसायचा मात्र आम्हीच."

मग कोणी हसलं नाही.

न्यायाधीशांनी मत दिलं: हवामान बिघडू न देणं हे प्रत्येक देशाचं कायदेशीर कर्तव्य आहे. धूर सगळ्यांचा असला तरी ज्याचा त्याचा वाटा वेगळा काढता येतो आणि कर्तव्य मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागू शकते. सूनबाई रडली. मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटतोय! हे मत म्हणजे सल्ला. तो बजावायला न्यायालयाकडे शिपाई नाही. सगळ्या देशांनी त्याची वाहवा केली, मला आठवण म्हणून इथेच ठेवून घेतलं, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले आणि घरी जाऊन धुराडी पेटवली. घरी माझ्या चौकटीत पत्रा ठोकला होता. मागच्या भरतीत तो वाहून गेला, असं वकीलबाई कोणाला तरी सांगत होत्या. मला चीड येते, मित्रांनो. इथे रोज एक माणूस येतो आणि मऊ कापडाने माझी धूळ झटकतो.

माझी निगा राखू नका. तुमच्या देशाने त्या मताचं काय केलं, ते तुमच्या मोठ्या माणसांना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि हे फडकं माझ्यावर फिरवण्यापेक्षा, ज्यांनी चिखल केला त्यांच्या हातात द्या.