आम्ल मोजणारी ब्युरेट

मित्रांनो, भोकरदनच्या तुमच्या शाळेत, विज्ञानाच्या कपाटात उभी असलेली ही लांब काचेची नळी म्हणजे मी. माझं नाव ब्युरेट. मी म्हातारी झाले आहे आणि स्वभावानं गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारखान्यात पुष्कळांनी माझा राग केला. मीही त्यांचा केला.

भट्टीच्या आचेवर ओढून मला लांब केलं, अंगावर बारीक रेघा कोरल्या, खाली तोटी बसवली. तिथून मी जालन्याजवळच्या एका मक्याच्या स्टार्च कारखान्यात आले. मका भिजवून दळला की उरलेलं आंबूस सांडपाणी एका मोठ्या बंद टाकीत जायचं. त्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहत. काही जीव त्या घाणीची आम्लं बनवत, तर काही त्या आम्लांचा गॅस. त्याच गॅसवर कारखान्याचा बॉयलर पेटायचा. पण टाकीला पेलवेल त्याहून जास्त भरवलं, की आम्लं साचतात आणि गॅस बनवणारे जीव मरतात. ती आम्लं मोजणं हे माझं काम.

मोजणाऱ्या होत्या प्रयोगशाळेतल्या शिवकन्या मॅडम. त्या सांडपाणी उकळून त्याची वाफ थंड करायच्या. वाफेबरोबर आम्लं उतरायची. मग त्या उतरलेल्या पाण्यात रंग दाखवणारं औषध घालून माझ्यातून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायच्या, गुलाबी छटा टिकेपर्यंत. सोडा जितका जास्त लागेल, तितकं आम्ल जास्त. मॅनेजर काकासाहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "ही आमची नळी टाकीची नाडी बघते."

ते कौतुक पहिल्या वाईट आकड्यापर्यंतच टिकलं. मक्याचा हंगाम जोरात होता. एका सकाळी नेहमीच्या दुप्पट सोडा गेला, तेव्हा कुठे गुलाबी रंग आला.

"साहेब, टाकीत पाणी कमी सोडा. आम्ल चढलंय."

"तुझी नळी सदा रडकीच. गॅस बराबर येऊन राह्यला ना? मंग?"

पाणी कमी झालं नाहीच, उलट वाढलं. टाकी आंबली, गॅस येईनासा झाला आणि ते नासलेलं पाणी कारखान्यामागच्या ओढ्यात सोडून दिलं.

त्या ओढ्यावर गोपिकाबाईंच्या मेंढ्या पाणी प्यायच्या. काही मेल्या. बाई तडक प्रयोगशाळेच्या दारात आल्या.

"पाणी तपासती म्हणं तू! काय तपासलं गं? फुगून मेल्या माझ्या मेंढ्या!"

"मावशी, मी साहेबांना सांगितलं होतं..."

"नुसतं सांगून माझ्या मेंढ्या वाचल्या का?"

त्या उंबऱ्यावर थुंकून गेल्या. मॅडमनी उंबरा स्वतः धुतला. काकासाहेब आपल्या खोलीतून बाहेरही आले नाहीत.

गॅस बनवणारे जीव असलेलं ताजं शेण घालून टाकी कशीबशी पुन्हा चालू झाली. पुढच्या हंगामात माझ्यातला सोडा पुन्हा भराभर उतरू लागला. या वेळी मॅडम साहेबांकडे गेल्याच नाहीत. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. त्या सरळ टाकीपाशी गेल्या, वॉल्व्हचं चाक फिरवून त्यांनी पाणी बंद केलं आणि चाक धरून उभ्या राहिल्या.

काकासाहेब धावत आले. "काय करून राह्यली तू? सोड ते चाक!"

"न्हाई सोडणार."

"पाणी तुंबलं तर कारखाना बंद पडंल! राधेश्याम, हिला बाजूला कर!"

टाकी सांभाळणाऱ्या राधेश्यामनं चाकाला हात लावला. मॅडमची बोटं पांढरी पडली होती. त्यानं हात मागे घेतला.

"साहेब, आंबट वास मलाबी येऊन राह्यला. मी न्हाई उघडत."

कारखाना थांबला. टाकी वाचली. पण साहेब तरातरा प्रयोगशाळेत आले, त्यांनी मला स्टँडवरून उपसलं आणि मागून आलेल्या मॅडमच्या पायांशी आपटलं. माझी तोटी तुटली.

"घे तुझी नळी, अन् फाटकाबाहेर हो!"

मॅडमनी मला ओढणीत गुंडाळलं. फाटकाबाहेर गोपिकाबाई मेंढ्या घेऊन चालल्या होत्या.

"काढलं का गं तुला?"

"काढलं."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी मेंढ्या ओढ्याकडे वळवल्या.

या वेळी ओढा कुणामुळे वाचला, हे मॅडमना सांगता आलं असतं. मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं. मेंढ्यांनी पाण्यात तोंडं घातली. शेवटची मेंढी पिऊन वर येईपर्यंत मॅडम रस्त्यावर उभ्या राहिल्या, मग त्यांनी भोकरदनच्या बसला हात केला.

आता त्या तुम्हाला विज्ञान शिकवतात; मला नवी तोटीही त्यांनीच बसवली. मित्रांनो, मला वापरून झालं की धुऊन ठेवा, आडवी टाकू नका. आणि मी कधी नकोसा आकडा दाखवला, तर माझ्यावर चिडत बसू नका. आधी टाकीकडे धावा.